परत काहून येशील?

९ जानेवारी

नाही म्हणजे नाही. व्हिसाचे फॉर्म भरणाऱ्या एजंट कुलदीपच्या तोंडावर सांगतलं, त्याच्याच ऑफिसात, त्याचाच चहा पिऊन.

म्हणते, "मॅडम, फॉर्मात नवरा दाखवा. फारकतवाली बाई दिसली का साहेब लोक शंका घेतात." मी म्हणलं, कुठून दाखवू? मंडपवाल्याकडून भाड्यानं आणू काय? करडी गावचा तो माणूस मी अकरा वर्षांआधी सोडला. कोर्टाचा कागद आहे माझ्यापाशी, शिक्क्याचा. आता अमेरिकेतल्या चादरी बदलायसाठी त्याले पुन्हा माझ्या फॉर्मात आणून बसवू? हर्षा बाजूले बसून ओढणीत हसून राहिली होती.

मग त्यानं दुसरी गोष्ट काढली. फाईलीचा खर्च. तुळसावहिनीनं पर्समध्ये हात घातलाही! मी तिचा हात तिथंच धरला. तिकडच्या हॉटेलवाल्यायनं पाठवलेला कागद काढला अन् बोट ठेवलं — कामगारापासून भरतीसाठी काहीच घ्यायचं नाही, घेतलं त अर्ज रद्द. खाली हिंदीतही लिहून आहे. "वाच," म्हणलं. वाचलं नाही त्यानं, पण खर्चाची गोष्टही पुन्हा काढली नाही.

घरी येतपर्यंत वहिनी एकच गोष्ट बोलली. "तू होती म्हणून बरं."

१० जानेवारी

नीट लिहून ठेवते, म्हणजे उद्या कोणी म्हणायले नको का रत्नमालाले काही माहीत नव्हतं अन् ती फसली.

व्हिसाचं नाव एच-टू-बी. शेती सोडून दुसरी जी हंगामी कामं असतात, त्यांच्यासाठी. हॉटेल, बागा, मासोळ्या साफ करायचे कारखाने. आमचं हॉटेल एका मोठ्या तळ्याकाठी आहे. उन्हाळ्यात भरते, थंडीत बर्फानं बंद. मे महिन्यात जायचं, ऑक्टोबरच्या शेवटी परत. खोल्या साफ करायच्या, बेड लावायचे. नागपूरकडच्या आमच्या शहापूरच्या हायवेवर आम्ही तिघी आठ वर्षांपासून हेच करून राहिलो. मी सुपरवायझर, वहिनी अन् हर्षा माझ्या हाताखाली.

लोकायले वाटते हे काहीतरी अजब आहे. आम्हाले यात काय नवीन? हॉटेलच्या आधी सात वर्षं मी अन् वहिनी तेलंगणात मिरची तोडायले गेलो. भय्याजी मुकादमाची टोळी, बावीस बाया, एक पिकअप. हंगाम संपला का घरी. भय्याजीचे नियम दोनच. मालकासोबत एकानं बोलायचं, बाकीच्यायनं तोडायचं. अन् जेवढी डोकी नेली तेवढी परत आणायची. एका साली येताना शकुनबाईले ताप चढला, त अख्खी टोळी दोन दिवस एका शाळेच्या व्हरांड्यात तिच्या उशाशी बसून राहिली. तुम्ही या मागून, आम्ही होतो पुढं — असं कोणाच्या तोंडून निघालं नाही.

टोळीत बोलणारी मी होती. तोडक्यामोडक्या तेलुगूत मालकासोबत भांडायची. वहिनी तोडणारी. तिच्याएवढी मिरची कोणीच तोडली नाही.

११ जानेवारी

माझा भाऊ डोमादादा म्हणते, "लोकायच्या उष्ट्या चादरी काढायले सात समुंदर पार जाणार काय?"

मी म्हणलं, इथं हायवेवर काय आम्ही रांगोळ्या काढून राहिलो?

त मग म्हणते, "तू जा. तुले कोण अडवते? पण तुळसा काय करणार तिथं? तिले घरात बोलता येत नाही." वहिनी तिथंच बसून तांदूळ निवडत होती. मान वर केली नाही. मी म्हणलं, तिच्या वाटचं मी बोलीन. तू तुझं पाह्य.

१७ जानेवारी

आज फोन आला. तिकडची मॅनेजर लिंडा मॅडम, अन् मधात हिंदी बोलणारी एक दुभाषी बाई. कॅमेरा बंद होता, नुसता आवाज. आमच्या हॉटेलच्या लिनन रूममध्ये, चादरी ठेवतो तिथं, तिघी बसलो, दार लावून.

पहिले माझा नंबर. एका पाळीत किती खोल्या करता? चौदा. गेस्टनं तक्रार केली त? मी म्हणलं, आधी खोली पाहते, मग माफी मागते. दुभाषी बाई हसली. तिनं सांगतल्यावर लिंडा मॅडमही हसली. मग हर्षाचं झालं, पटपट.

मग म्हणाली, "तुलसा मेश्राम?" अन् वहिनी थिजली. तोंड उघडलं, आवाजच नाही. तिकडून पुन्हा नाव घेतलं. वहिनीनं फोन माझ्या मांडीवर ठेवून देला अन् माझ्याकडे पाह्यलं, मिरचीच्या वावरात मालक आला का पाहायची तसं. मी फोन उचलला. "हॅलो, मी तुळसा." आवाज थोडा जाड केला. सगळे उत्तरं देले. किती वर्षांचा अनुभव, घरी कोण, पोरगा काय करते. पोरगा अश्वजित पुण्याले कंपनीत आहे, हेही सांगतलं.

फोन ठेवल्यावर वहिनी पहिल्यांदा मोकळा श्वास घेतल्यासारखी हसली.

१८ जानेवारी

हर्षा म्हणते, "ताई, हे फसवणं झालं." फसवणं कायचं? काम त तीच करणार आहे. पण दिवसभर तिचे शब्द डोक्यातून गेले नाही.

२४ जानेवारी

बेड लावायचा व्हिडिओ मागितला होता, प्रत्येकीचा वेगळा. एकशे सहा नंबरची खोली रिकामी होती. हर्षानं मोबाईल धरला.

माझे साडेचार मिनिट. वहिनीचे तीन मिनिट चाळीस सेकंद! मी सुपरवायझर अन् ती माझ्या हाताखाली, लाजच वाटली मले. चादर एकदाच झटकते, ती बरोबर मधोमध पडते. कोपरा पाकिटासारखा दुमडून आत खोसते, मग हात फिरवते. एवढ्या वर्षांत मी कधी उभी राहून पाह्यलंच नव्हतं.

लिंडा मॅडमचं उत्तर आलं. हर्षानं वाचून दाखवलं — या बाईनं बाकीच्यायले शिकवावं. वहिनीनं तिले दोनदा वाचून दाखवायले लावलं.

७ फेब्रुवारी

निवड! तिघींची!

शकुनबाई विहारात भेटली. म्हणते, "तुले ना लेकरू ना बाळ, कोणासाठी कमवायले जाऊन राहिली व?" सगळ्यायले कारण पाहिजे. पोरीचं शिक्षण, घराचं छप्पर, आईचं ऑपरेशन. एवढं सांगतलं का बाईले जायची परवानगी. माझ्यापाशी असं काहीच नाही. मी म्हणलं, "माझ्यासाठी जाते बाई. मले विमानात बसायचं आहे, तळं पाहायचं आहे, अन् जे काम मी नाक दाबून केलं त्याच्यासाठी कोणी मले कागद पाठवून बोलावलं, ते हॉटेल पाहायचं आहे." शकुनबाईनं हात जोडले. धन्य आहे म्हणे.

आहेच.

२ मार्च

तिकडून अजून कागद नाही. एका सालात इतकेच लोक, असा कोटा असते. आमच्या हॉटेलच्या अर्जाआधी भरला का संपलं. नवस बोलावा त आम्ही देव मानत नाही. तेवढ्यासाठीच आज पहिल्यांदा थोडं वाईट वाटलं.

१३ मार्च

मंजूर झालं! मुंबईले व्हिसाच्या मुलाखतीची तारीख भेटली, ८ एप्रिल. दादाले सांगतलं त तो उठून बैलायले पाणी दाखवायले गेला. बैल पाणी पिऊन बसून होते.

पण कुलदीपनं एक गोष्ट सांगतली. खिडकीवर एकेकटीनं जायचं. काचेच्या पलीकडे साहेब. बाजूले कोणी नाही. "तिथं त तुमच्या वहिनीच्या वतीनं तुम्हाले बोलता येणार नाही न," असं म्हणून हसला. याले कसं समजलं? हर्षाच बोलली असेल.

त ठीक आहे. सव्वीस दिवस आहेत. मी तिले बोलती करीन.

१६ मार्च

रोज संध्याकाळी मागच्या खोलीत, म्हणजे माझ्या खोलीत, तालीम. मी साहेब. शिवणयंत्रावर उशी ठेवून खिडकी केली.

नाव? सांगते. गाव? सांगते. काम कोणतं? सांगते, अन् त्यात हात हलवून बेडही लावून दाखवते. तिथं हिंदी चालते, मराठीही चालते म्हणतात. मग मी विचारते — "परत कशावरून येशील?" तिथं चूप. आपल्या भाषेत विचारलं, "वहिनी, परत काहून येशील?" तरी उशीकडे पाहून राहते.

१९ मार्च

आजही तेच. सगळं येते, तेवढंच येत नाही. मी चिडली. म्हणलं, "अव, एवढं सोपं आहे. तुझं घर आहे, नवरा आहे, पोरगा आहे, दीड एकर धानाची बांधी आहे. मले असं विचारलं त मी काय सांगू? माझ्यापाशी त यातलं एकही नाही. तुझ्यापाशी अख्खं उत्तर आहे अन् तू तोंडात दही धरून बसली!"

तिनं माझ्याकडे पाह्यलं. म्हणते, "तू सांग ना काय म्हणू."

मग मीच लिहून देलं. चार ओळी. "साहेब, माझं घर शहापूरले आहे. माझा नवरा शेती करते, त्याले माझ्याबिगर होत नाही. माझा पोरगा आहे, त्याचं लग्न करायचं आहे. हंगाम संपला का मी येणार." पाठ कर म्हणलं.

२७ मार्च

पाठ झालं. धडाधड म्हणते आता, धान कांडल्यासारखं. आज दादाही दारात उभा राहून ऐकत होता. "त्याले माझ्याबिगर होत नाही" इथं आली त तो हसला, अन् खुशही झाला. वहिनी थांबली नाही. ओळ संपवली, पाणी प्यायली, भाकरी टाकायले गेली.

८ एप्रिल, मुंबई

गाडीत लिहून राहिली. आज काय झालं ते जसंच्या तसं.

काल बोटायचे ठसे घेतले. आज सकाळी अमेरिकेच्या वकिलातीपाशी रांग. आत गेल्यावर वेगवेगळ्या खिडक्या. हर्षा पहिले गेली. तिचा नवरा धर्मेंद्र, त्याचं अड्याळचं दुकान, तीन वर्षांची पोरगी, पाच मिनिटात झालं. मग वहिनी. इथून काही ऐकू येत नव्हतं, नुसती पाठ दिसत होती. एक वेळ तिनं दोन्ही हात उचलले अन् हवेत चादर झटकली. साहेब हसला.

मग मी. गोरापान पोट्टाच होता, बाजूले मराठी बोलणारी बाई. लग्न झालं? झालं होतं, फारकत झाली. लेकरं? नाही. जमीन? भावाच्या नावावर. घर? भावाचंच, मागची एक खोली. मी काहीच लपवलं नाही. हॉटेलात सुपरवायझर आहे म्हणून सांगतलं, चौदा खोल्या सांगतल्या. मग त्यानं विचारलं, परत कशावरून येशील? मी म्हणलं, "मी सात वर्षं तेलंगणात गेली साहेब, सातही वर्षं परत आली. येईन म्हणते म्हणजे येईन." त्या बाईनं इंग्रजीत सांगतलं. त्यानं थोडं टाईप केलं, मग मले माझा पासपोर्ट परत देला, वर एक छापील कागद. थँक यू म्हणाला.

बाहेर आली त वहिनी फुटपाथवर बसून रडून राहिली. म्हणते, "माझा पासपोर्ट ठेवून घेतला व त्यायनं. परत देलाच नाही." हर्षाचाही ठेवला. मी म्हणलं, रडू नका, मी पाहते. माझा त देला ना परत, म्हणजे माझं झालं, तुमचंही करून आणते. छाती काढून गेटवर गेली. तिथल्या वॉचमनले विचारलं.

तो म्हणाला, "ताई, ज्याचा ठेवला त्याला व्हिसा लागला. ज्याचा परत दिला त्याचा नाही लागला."

त्या फुटपाथवर मीच दोघीयले हे सांगतलं. बोलणारी मीच ना.

आता गाडी इगतपुरीपाशी आहे. खरं उत्तर मले टॅक्सीत सुचलं, खिडकीवर नाही. सांगायचं होतं — साहेब, दावं तोडते ती बांधलेली गाय. मोकळी गाय दिवस बुडाला का आपल्या पायानं घरी येते. पण टॅक्सीवाल्याले सांगून काय फायदा?

१० एप्रिल

रडली. दोन तास. इथं लिहून ठेवते, दुसऱ्या कोणाले सांगणार नाही.

११ एप्रिल

कुलदीपचा फोन. "म्हणलं होतं ना, नवरा दाखवा." मी म्हणलं, पुढच्या साली पुन्हा अर्ज करीन अन् पुन्हा बिननवऱ्याचाच करीन. फोन ठेव.

लिंडा मॅडमनंही कळवलं हर्षाले. पुढच्या हंगामासाठी रत्नमालाचं नाव मी पुन्हा टाकीन, तुम्ही दोघी चांगलं काम करून वेळेवर परत गेल्या त तिलेही सोपं जाईल. कागदावर लिहून ठेवलं हे वाक्य. टाचणीनं भिंतीले टोचलं.

१२ एप्रिल

वहिनी म्हणते, मी जात नाही. टोळीचा नियम आहे. जेवढी डोकी नेली तेवढी परत, अन् निघायच्या आधीच एक डोकं कमी असलं त टोळी निघतच नाही. "तुझ्याबिगर मी तिथं काय बोलू? मी हर्षाले सांगते." अन् दादा! दादानं लगेच होकार भरला. "हो, राहू दे. नियम म्हणजे नियम." भय्याजीच्या टोळीचं नाव काढलं का शिव्या देणारा माणूस, आज त्याले नियम आठवला!

१४ एप्रिल

जयंती. निळे झेंडे, डीजे, बुंदी. दादा मिरवणुकीत सगळ्यायले सांगत फिरला का आमच्या घरून कोणी जात नाही, नुसती हवा होती. वहिनी बायायमध्ये पांढरं लुगडं नेसून चालत होती. तिलेही ऐकू गेलं. तिनं काही म्हणलं नाही, पण चालता चालता थांबली अन् मागून येणाऱ्या बायायनं तिले धक्का देऊन पुढं नेलं.

१५ एप्रिल

आज भांडली. कसून भांडली.

सकाळी ओट्यावर दादाले म्हणलं, "ती जाईल. नियम मी मोडते. टोळीची बोलणारी मी आहे, मी सांगते का टोळी निघाली."

"अन् माझा सैपाक?"

"दोन हात आहेत तुले. कुकरले शिट्टी आपोआप होते."

"लोकं काय म्हणतील? बायको अमेरिकेत अन् नवरा इथं बांध्यायमध्ये?"

"लोकायचे नवरे दुबईत असतात तवा बायकायले कोण विचारते?"

तो उठून हात उगारायले गेला. मले नाही, हवेत. मग खाली बसला. म्हणते, "तू तिले शिकवून ठेवली सगळं. ती काय बोलते? तिच्या तोंडातून तूच बोलते." मी म्हणलं, हाव, मीच बोलते, कोणाले त बोलावं लागते. अन् आत जाऊन वहिनीची बॅग काढली. ती मोरीपाशी भांडे घासून राहिली होती. मी विचारलं नाही, जाते का नाही. सांगतलं — "२८ ले निघायचं आहे. स्वेटर दोन लागतील."

"बरं," म्हणाली.

२८ एप्रिल

नागपूर विमानतळ. दादा आला नाही. धर्मेंद्र आपल्या पोरीले कडेवर घेऊन आला होता, तीच टाटा करून राहिली सगळ्यायले.

वहिनीनं गेटपाशी माझा हात धरला. घट्ट. काहीतरी म्हणत होती, पण मी तिले चार्जर कोणत्या खिशात आहे, विमानात कान दुखले त काय करायचं, लिंडा मॅडमले नमस्कार कसा करायचा ते सांगत होती. मग लाईन पुढं सरकली. मी आत पाहत राहिली, तिची हिरवी पिशवी दिसेनाशी होतपर्यंत.

मले जायचं होतं. खूप जायचं होतं. इथं लिहिते, कारण कागद कोणाले सांगत नाही.

१९ मे

फोटो आला. तळं! आमच्या बोडीसारखी लहान तळी त्याच्यात कितीक बसतील. वहिनी काळ्या पँटमध्ये, पांढऱ्या शर्टात, छातीवर नावाची पट्टी. ओळखूच येत नाही. दादाले दाखवला. त्यानं चष्मा लावला, मग काढला. "बारीक झाली," एवढंच.

२२ जून

दादाले वरण जमाले लागलं. मीठ नाही जमत. मी मागच्या खोलीत माझं वेगळं शिजवते, त्याच्या चुलीपाशी जात नाही. वहिनीच्या जागी बदली म्हणून मले धरलं होतं त्यानं. धरू दे.

२१ जुलै

धानाची रोवणी. बाया लावल्या, मीही सुट्टी काढून दोन दिवस वाकली. बायायनं विचारलं, तुळसा काय म्हणते? मी सांगतलं, खुश आहे. तिथं गेल्यावर मले पहिला व्हॉइस मेसेज आज आला तिचा. आधी हर्षाच सगळं सांगायची. मेसेजात वहिनी इंग्रजीत म्हणते — "गुड मॉर्निंग, हाऊसकीपिंग!" अन् मग हसते. लय वेळ हसते. अकरा वर्षं एका घरात राहून मी तिचं असं हसणं ऐकलं नव्हतं. बांधीवर उभी राहून तीनदा ऐकलं.

३० ऑगस्ट

नवीन पोरीयले बेड लावायचं ती शिकवून राहिली म्हणे. त्यातल्या दोघी मेक्सिकोच्या, एक जमैकाची. कोणत्या भाषेत शिकवते? हर्षा म्हणते, "बोलतेच ती आता, ताई. तिलेच विचारा." विचारीन.

मी माझे कागद नीट लावून ठेवले. फारकतीचा वरच ठेवला. हॉटेलातून या साली बेस्ट सुपरवायझरचं सर्टिफिकेट भेटलं, तेही लावलं. जानेवारीत फोन येईल. यावेळेस मी खिडकीवर सांगणार — मागच्या साली आमच्या दोघी गेल्या, दोघीही हंगाम संपल्यावर परत आल्या. विचारा तुमच्या लिंडा मॅडमले. तवा पाहू साहेब काय टाईप करते.

५ ऑक्टोबर

वहिनी येणार म्हणून दादानं घराले रंग देला. आकाशी. म्हणते, असाच द्यायचा होता. मी म्हणलं, तिले कोणता आवडते विचारलं काय? "घराले रंग द्यायले विचारायचं काय," म्हणते. बाजारातून लाडूचं सामानही आणलं, अन् ते कोण करणार म्हणून माझ्याकडे पाह्यलं. केले मी. एवढ्यापुरते.

२९ ऑक्टोबर

विमानतळातून हर्षा एकटीच बाहेर आली.

मी अन् दादा दोघंही गेलो होतो, धर्मेंद्रही पोरीले घेऊन. हर्षानं पोरीले उचललं अन् आमच्याकडे पाहत रडाले लागली. शेवटचा पगार झाला त्या दिवशी वहिनी सकाळी बॅग घेऊन गेली म्हणे. जमैकावाल्या बाईच्या ओळखीनं दुसऱ्या कोणत्या शहरात. हर्षानं हात जोडले, पाया पडली, तरी थांबली नाही. "ताई, आता ती कधी घरी आली तरी तिले इकडून पुन्हा जाता येणार नाही. अन् आपल्या गावच्यायलेही लिंडा मॅडम बोलावते का नाही काय माहीत. लय नाराज झाली ती."

भिंतीवरचा कागद मी अजून काढला नाही.

३० ऑक्टोबर

वहिनीचा मेसेज आला. छोटासाच. "रत्ना, मी नाही येत. राग येईल तुले, येऊ दे. तू रोज विचारत होती ना, परत काहून येशील? मले उत्तर येत होतं तवाही. तू लिहून देलं ते नव्हतं ते, एवढंच."

दादा ओट्यावर बसून विचारून राहिला, काय म्हणते, काय म्हणते ती? यावेळेस तिच्या वतीनं मी नाही बोलली. फोन त्याच्या हातात देला.